नॉर्मलचा नमुना

दसरू पेंदामला हार्ट अटॅक आलाय, हे त्याला सोडून देवखडकीच्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांना कळलं होतं. तो टेबलावर उताणा पडून पंख्याकडे बघत होता आणि मी त्याच्या छातीवरचे कार्डिओग्रामचे रबरी फुगे एकेक करून काढत होतो. फुगा निघताना फट्ट असा आवाज व्हायचा आणि दसरूला गुदगुल्या व्हायच्या. अटॅकच्या पेशंटला गुदगुल्या झालेल्या मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाहिल्या नव्हत्या.

“उठू का जी?” त्यानं विचारलं. “डबा राह्यला भाईर.”

“पडून राहा. हलू नको.”

“काहून?”

काहून ते मी सांगितलं नाही. मी टेबलाचा कोपरा धरून जरा टेकलो. वनरक्षकाच्या भरतीची एकेचाळीस पोरं सकाळी सातपासून व्हरांड्यात उघड्या अंगानं उभी होती, त्या सगळ्यांचे कार्डिओग्राम मी एकट्यानं काढले होते, आणि दसरू शेवटचा होता. मी तेव्हा पंचावन्नचा. हल्ली थकवा फार यायचा. जिना चढलो की दम लागायचा आणि जबडा दुखायचा. जबड्यासाठी मी दोन महिन्यांपूर्वी एक दाढ काढून घेतली होती. दाढ निघाली ती पांढरीशुभ्र, धडधाकट. जबडा मात्र दुखायचा थांबला नाही. थकव्याला वय हे कारण पुरेसं आहे असं मी धरून चाललो होतो, आणि इतक्या डॉक्टरांत वावरूनही कुणी त्यावर दुसरं मत दिलेलं नव्हतं.

भरतीत आधी असला काही नियम नव्हता. उमेदवारानं चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं, एवढंच. मागच्या वर्षी कुठंतरी एक जण चालता चालता कोसळला, म्हणून वरून कागद आला. आधी कार्डिओग्राम काढा, आणि मशीननं नॉर्मल म्हटलं नाही तर उमेदवाराला जिल्ह्याच्या बोर्डाकडे पाठवा. बोर्ड बसणार होतं पुढच्या महिन्यात. पास झालेल्यांची यादी जाणार होती त्याच दिवशी चार वाजताच्या जीपनं. म्हणजे ज्याच्या कागदावर नॉर्मल नाही, तो घरी. दसरूची तर ही शेवटची भरती. पोळा झाला की त्याचं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. हे त्यानं मला फुगे लावून घेताना सांगितलं होतं, आणि मी त्याला बोलू नको म्हणालो होतो, कारण बोललं की रेघ हलते.

मशीन नवीन होतं. जुन्या मशीनमधून नुसती रेघ निघायची. ती कात्रीनं कापून कार्डावर चिकटवायची आणि वाचायचं काम डॉक्टरांनी करायचं. हे नवीन मशीन स्वतःच वाचायचं आणि कागदाच्या डोक्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आपलं मत छापायचं. पंधरा दिवसांपूर्वी आमचे अधीक्षक पांढरीपांडे साहेब यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, नारळाचं पाणी प्लगमध्ये गेलं, फ्यूज उडाला, आणि नवा फ्यूज टाकल्यावर पहिला कार्डिओग्राम कुणाचा काढायचा असा प्रश्न उभा राहिला. साहेब स्वतः झोपायला तयार नव्हते.

“नन्नावरे, झोपा,” ते म्हणाले.

मी झोपलो. मशीननं छापलं, नॉर्मल. साहेबांना इतका आनंद झाला की तो कागद त्यांनी फ्रेम करून मशीनच्या वरच्या भिंतीवर टांगला आणि खाली रंगवून घेतलं, ‘नॉर्मलचा नमुना’. साहेब डोळ्यांचे डॉक्टर. मोतीबिंदू काढण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता, पण हृदय त्यांनी कॉलेज सुटल्यापासून पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे कुणाचाही कागद आला की ते तो फ्रेमशेजारी धरायचे आणि मासिकातल्या दोन चित्रांतले फरक शोधावे तसे शोधायचे. माझ्यासारखा निघाला तर माणूस बरा.

त्या सकाळी सात पोरं माझ्यासारखी निघाली नव्हती. विडी ओढणारे, आदल्या रात्री लग्नात नाचलेले, आयुष्यात बस चुकली तरी न पळालेले, असे चौतीस जण नॉर्मल. जी पोरं वर्षभर पहाटे उठून जंगलाच्या रस्त्यानं पळत होती, त्यांतल्या सहांच्या डोक्यावर असामान्य. आणि दसरू, जो गावापासून दवाखान्यापर्यंत अकरा किलोमीटर पळतच आला होता, त्याच्या डोक्यावर मशीननं छापलं, तीव्र हार्ट अटॅकचा संशय.

कागद बघायला लिमये मॅडम आल्या. डॉक्टर मृण्मयी लिमये पुण्याच्या, एमबीबीएस होऊन सरकारी सेवेच्या वर्षाच्या बॉण्डवर आमच्याकडे पडलेल्या. वय चोवीस. आल्यापासून त्यांचीही झोप कधी पुरी झालेली मी पाहिली नव्हती. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि सुस्कारा सोडला.

“सर, हा अटॅक नाही. अर्ली रिपोलरायझेशन आहे. आधीच्या सहाही जणांचं तेच आहे.”

मला त्यांनी हे मागे एकदा चहा पिताना समजावलं होतं. ठोका झाला की हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतं. पळणाऱ्या तरुण पोरांत ही तयारी पुष्कळदा जरा लवकर सुरू होते, म्हणून रेघ खाली टेकायच्या आतच वर उचलली जाते आणि तिला गळासारखा बारीक आकडा येतो. पंगतीत शेवटचा घास तोंडात असतानाच हात धुवायला उठणारी माणसं असतात, तसं. त्यात आजार नाही, नुसती घाई आहे. पण मशीनला उचललेली रेघ दिसली की ते अटॅक समजतं.

साहेबांनी कागद फ्रेमशेजारी धरला. “तुम्ही म्हणता ते मशीननं लिहिलंय का, मॅडम?”

“मशीनला तो पोरगा दिसत नाही ना, सर. तो हसतोय.”

“सायलेंट अटॅकमध्ये माणूस हसतो,” साहेब म्हणाले. मग त्यांनी दसरूला सलाईन लावायला सांगितलं, जिल्ह्याला न्यायला अँब्युलन्स काढायला सांगितली, आणि वाटेत सलाईन एक क्षणही बंद पडता कामा नये असं बजावलं. सोबत कोण जाणार? सिस्टरकडे दोन बाळंतपणं अडलेली होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकेचाळीस माणसांचे मिळून दोनशे सेहेचाळीस फुगे लावून काढलेला माणूस कसा दिसतो, ते साहेबांच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. त्यांनी आधी भिंतीवर बघितलं होतं, आणि तिथं मी ठणठणीत होतो.

अँब्युलन्सचा स्टार्टर दोन महिन्यांपासून गेलेला होता. ती दवाखान्याच्या उतारावर उभी करायची आणि सोडून द्यायची, म्हणजे फाटकापर्यंत चालू व्हायची. ड्रायव्हर रज्जाकभाई तिला त्या हिशेबानंच वागवायचे. पण तीन किलोमीटरवर माकडदरीचा चढ लागतो. चढाच्या मध्यावर समोर म्हशी आल्या, रज्जाकभाईंनी ब्रेक मारला आणि गाडी विझली.

रज्जाकभाईंनी मागं वळून बघितलं. मी स्ट्रेचरशेजारी बसलो होतो. दसरू स्ट्रेचरवर. रस्त्यावर म्हशींशिवाय कुणी नव्हतं.

“काका, उतरा थोडे,” रज्जाकभाई म्हणाले. “वरपर्यंत ढकलली की तिकडच्या उतारावर चालू होते.”

मी उतरलो. मागून दाराला खांदा लावला. गाडी हलली नाही, मीच मागं सरकलो. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा माझ्या शेजारी दोन अनवाणी पाय उभे राहिले.

“तू वर बस,” मी म्हणालो. “तुला अटॅक आलाय.”

“आला असंल,” दसरू म्हणाला. “पण तुमच्यानं नाही व्हत काका.”

एका हातानं तो ढकलू लागला. दुसऱ्या हाताला सलाईनची सुई होती आणि नळीच्या टोकाची बाटली मला उंच धरावी लागली, कारण ती खाली आली की नळीत रक्त चढायचं. म्हणून अटॅकचा पेशंट अँब्युलन्स ढकलतोय आणि त्याच्या शेजारी टेक्निशियन डाव्या हातात बाटली उंच धरून उजव्या हातानं ढकलतोय, असे आम्ही माकडदरीच्या चढावर निघालो. समोरून एक मोटारसायकल आली. नवराबायको होते. बाईनं आमच्याकडे बघून कपाळाला हात लावून नमस्कार केला. कशाला केला ते तिलाच माहीत.

शंभर पावलांवर माझा जबडा ठणकायला लागला. डावा हात खांद्यापासून जड झाला. बाटली किती वेळ धरलीय, मी मनात म्हणालो. छातीवर कुणी तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं वाटत होतं, ते मी सकाळच्या पोह्यांवर ढकललं. शेवटी मी रस्त्यावरच बसलो. दसरूनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि स्वतःची स्वतःच धरून उभा राहिला.

“पाणी पेता का?” त्यानं विचारलं.

ही गाडी वर काही जात नाही, असं रज्जाकभाईंनी ठरवलं. म्हशींमागून आलेल्या म्हशीवाल्याच्या मदतीनं त्यांनी तिचं तोंड फिरवलं आणि आम्ही उताराला लागून आल्या वाटेनं परत दवाखान्यात आलो.

फाटकातच लिमये मॅडम उभ्या होत्या. पेशंटनं गाडी ढकलली हे रज्जाकभाईंनी सांगितल्यावर दुसऱ्या कुणी कपाळ बडवलं असतं. मॅडमचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी दसरूला तसाच घामेजलेला आत नेऊन टेबलावर झोपवला आणि फुगे स्वतः लावले. कागद निघाला. डोक्यावर एकच शब्द होता, नॉर्मल.

साहेबांनी सकाळचा कागद एका हातात आणि दुपारचा दुसऱ्या हातात धरला. “सकाळी अटॅक, दुपारी नॉर्मल. यातलं एक खोटं आहे.”

“दोन्ही खरे आहेत, सर. जोर केला, ठोके वाढले, की ती उचललेली रेघ खाली बसते. साध्या घाईचं हेच लक्षण आहे. खरा अटॅक असता तर ढकलल्यावर हा परत आला नसता.”

साहेबांना हे पटण्यासारखं होतं, पण वरून आलेल्या कागदात तसं लिहिलेलं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळा घोळ मिटवायला आपल्याकडे भिंतीवर एक नमुना आहे, आणि नमुन्याचा माणूसही खोलीतच बसलाय. मशीन परत तसंच छापत असेल तर मशीन ठीक, आणि सकाळचे सातही कागद कायम. सात जण बोर्डाकडे. तसं छापत नसेल तर मशीन बिघडलेलं.

“नन्नावरे, झोपा.”

मी झोपलो. अजून दम बसला नव्हता. मॅडमनी फुगे लावले. कागद सरसर निघाला आणि मी तो उलटाच वाचला. अठ्ठावीस वर्षं कागद माझ्याकडून डॉक्टरकडे जातात, त्यामुळे मला उलटं वाचायची सवय आहे. रेघ जिथं सरळ जायला हवी होती तिथं ओल्या चादरी घातलेल्या दोरीसारखी खाली झोळली होती. एका पट्टीत नाही, पाच पट्ट्यांत. डोक्यावर मशीननं छापलं होतं की या हृदयाला रक्त कमी पडतंय, ताबडतोब तज्ज्ञाला दाखवा.

त्या दिवसात मशीननं सांगितलेला तो सगळ्यात खरा शब्द होता. दाढ आठवली. ती उगाच गेली.

साहेबांनी कागद फ्रेमशेजारी धरला आणि ते हसायला लागले. आमच्या साहेबांना मी तसं मोकळं हसताना क्वचित पाहिलं होतं. त्यांनी क्लार्कला बोलावून दाखवलं, शिपायाला दाखवलं. “हे मशीन नन्नावरेंना आजारी म्हणतंय. चौदा वर्षं माझ्या हाताखाली आहेत, एक आजारपणाची रजा नाही. दाढ काढली तीसुद्धा अर्ध्या दिवसात.”

“भंगार आहे हे,” ते म्हणाले. “आजचे सगळे रिपोर्ट रद्द. मॅडम, तुम्ही पूर्वीसारखं स्टेथोस्कोपनं तपासा आणि फिटनेस द्या. मला तीन मोतीबिंदू आहेत, तेवढे करून येतो आणि सही करतो. तोवर कंपनीला फोन लावा.”

ते गेले. खोलीत मॅडम आणि मी राहिलो. मी उठून बसायला लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत झोपवलं. मग दार लावलं.

“नन्नावरेकाका, हा कागद बरोबर आहे.”

“माहीत आहे.”

“छातीत दुखतंय?”

“दुखत होतं. आता कमी आहे.”

“कधीपासून?”

मी दाढेचं सांगितलं. त्यांनी औषधांचं कपाट उघडलं. मला एक गोळी चावायला दिली, एक जिभेखाली ठेवायला दिली. मग म्हणाल्या की आत्ता जाऊन साहेबांना सांगावं लागेल.

“सांगा,” मी म्हणालो. “पण सांगितलंत की मशीन बरोबर ठरतं. मशीन बरोबर ठरलं की सकाळचे सात कागद कायम. चार वाजता सांगा, मॅडम. जीप गेली की.”

“तुमच्या जिवाशी खेळ आहे हा, काका.”

“माझी नोकरीची तीनच वर्षं राहिलीत. त्या पोराचा पोळ्यापर्यंतच वेळ आहे.”

त्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही हातांनी डोळे चोळले. मी त्यांना मुलीसारखं समजायचो असं म्हणणार नाही, मला मुलगी नाही. पण त्या वेळी त्या फार थकलेल्या दिसत होत्या आणि त्यांना थकवणाऱ्यांत मीही होतो. शेवटी त्यांनी माझा पुन्हा एक कागद काढला. रेघ बरीच वर आली होती. मग अटी घातल्या. टेबलावरून उठायचं नाही. पुन्हा जरासं दुखलं तर यादी गेली खड्ड्यात. त्या स्वतः पोरांना तपासायला जाणार तेवढा वेळ कुणीतरी माझ्यापाशी बसेल. त्यांनी व्हरांड्यात बघितलं. तपासून झालेला, रिकामा माणूस एकच होता.

दसरू येऊन स्टुलावर बसला. माझं काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं डबा उघडला, भाकरीचा तुकडा माझ्यासमोर धरला, मी नको म्हटल्यावर स्वतः खाल्ला. भिंतीवरची फ्रेम बघितली.

“हे तुमचं व्हय?”

“माझंच.”

“देवासारखं टांगलंय जी,” तो म्हणाला. “उदबत्ती लावा लागते का?”

मला हसू आलं आणि छातीत जरा ओढलं, म्हणून मी हसणं थांबवलं. मग तो आपलं सांगत राहिला. तीन वर्षांपूर्वी चालण्यात तो पहिला आला होता, पण एका दाखल्यावर बापाचं नाव वेगळं निघालं. पुढची दोन वर्षं दाखला नीट होता, पण इथं भरतीच नव्हती. औंदा दाखला आहे, भरती आहे, तर म्हणे हार्ट. त्याला राग आलेला नव्हता. वैतागलेला माणूस जसं एखाद्या खाष्ट नातेवाइकाबद्दल बोलतो, तसा तो सरकारबद्दल बोलत होता. गावात आता तोंड दाखवायचं कसं, एवढंच त्याला कळत नव्हतं. आईला काय सांगायचं, की तुझ्या पोराला अकरा किलोमीटर पळून हार्ट झाला?

“तुला काही झालेलं नाही,” मी म्हणालो.

“मले माहीत आहे. कागदाले कुठं माहीत आहे?”

साडेतीनला साहेब आले. हातातले मोजे काढत होते आणि तोंडावर समाधान होतं. तिन्ही मोतीबिंदू चांगले निघाले होते. मॅडमची यादी तयार होती, एकेचाळीस जण फिट, सही तेवढी बाकी. साहेबांनी पेन काढलं आणि पुन्हा ठेवलं.

कंपनीच्या माणसाशी बोलणं झालं म्हणाले. त्यानं सांगितलंय की मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि त्याच नमुन्याच्या माणसावर परत घ्या. आता नीट आलं तर मशीनमध्ये दोष नाही, मघाचा कागद वायर हलल्यामुळे. मशीन निर्दोष असताना रिपोर्ट रद्द केले तर वरून विचारतील, नोकरी माझी आहे.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी तीन तास पडून होतो. पोटात गोळ्या गेल्या होत्या. जबडा दुखत नव्हता. आता कागद काढला असता तर फ्रेममधल्यासारखा स्वच्छ, सरळ, नॉर्मल निघालो असतो.

“साहेब, मशीन चालू होईपर्यंत जरा बाथरूमला जाऊन येतो,” मी म्हणालो.

“काका, तुम्ही उठायचं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“बाथरूमला तरी जाऊ द्या त्यांना,” साहेब म्हणाले.

बाथरूमच्या शेजारी गच्चीवर पाण्याच्या टाकीकडे जाणारा जिना आहे. बावीस पायऱ्या. मी एरवी बाराव्या पायरीवर थांबून खालच्या अंगणात काय चाललंय ते बघतोय असं दाखवायचो. त्या दिवशी थांबलो नाही. वर गेलो, टाकीला हात लावला, खाली आलो, परत वर निघालो. सातव्या पायरीवर मागून कुणीतरी कोपराखाली हात घातला.

“टाकीत पाणी पाहाचं असंल तर मी पाहून येतो ना जी,” दसरू म्हणाला.

“मलाच पाहायचंय.”

“मंग धरतो.”

त्यानं धरलं. मला वर न्यायला तो मदत करत होता आणि मी कशासाठी चढतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. सतराव्या पायरीला जबडा ठणकला. मला इतकं बरं वाटलं की मी त्या पोराच्या हातावर थोपटलं. तांदळाचं पोतं परत छातीवर येऊन बसलं. बाविसाव्या पायरीला घाम फुटला. मग आम्ही खाली आलो आणि मी टेबलावर जाऊन आडवा झालो.

मॅडमनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. त्या फुगे लावायला लागल्या. सहावा फुगा त्यांनी इतक्या जोरात दाबला की त्याचा वळ पुढे चार दिवस माझ्या छातीवर राहिला.

कागद निघाला. चादरी मघाच्यापेक्षा जास्त ओल्या होत्या.

साहेबांनी तो फ्रेमशेजारी धरला, मान हलवली आणि म्हणाले की कंपनीवाल्यांना सांगा, तुमचं मशीन ठार वेडं आहे. मग यादीवर सही केली. शिक्का शाईत नीट बुडत नव्हता म्हणून दोनदा मारला. क्लार्क यादी घेऊन बाहेर गेला. जीपचा आवाज आला, फाटकाशी जरा थांबला, मग लांब गेला.

“मॅडम,” मी म्हणालो, “चार वाजले.”

मॅडमनी तोपर्यंत माझ्या जिभेखाली गोळी ठेवलीच होती. त्या साहेबांकडे वळल्या. “सर, मशीन बरोबर आहे.”

“कसं बरोबर? नन्नावरे...” साहेब म्हणाले आणि थांबले. माझ्या कपाळावरचा घाम, पांढरे पडलेले ओठ, छातीवर ठेवलेला हात. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कागदाऐवजी माझ्याकडे बघितलं. “मग ती सात पोरं?”

“तीही बरोबर आहेत.”

साहेब दसरूच्या स्टुलावर बसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी स्वतः रज्जाकभाईंना हाक मारली.

रज्जाकभाईंनी सरळ सांगितलं की पुन्हा माकडदरीच्या चढावर एकट्यानं जाणार नाही. ढकलायला माणसं द्या. दवाखान्यात माणसं होती कुठं? व्हरांड्यात ती सात पोरं तेवढी थांबलेली होती, सही झालीय यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता. ती गाडीत चढली. स्ट्रेचरवर मी, उशाशी मॅडम, आणि उरलेल्या जागेत एकमेकांच्या मांडीवर बसलेले सकाळचे सात हार्ट पेशंट.

चढाच्या मध्यावर गाडी विझली. या वेळी म्हशीसुद्धा नव्हत्या, ती सवयीनंच विझली. पोरं आपणहून उतरली. मागच्या काचेतून मला सात डोकी दिसत होती, उन्हं कलली होती, आणि गाडी माकडदरीचा चढ माणूस चालतो त्यापेक्षा जरा जास्तच वेगानं चढत होती. मॅडमनी माझी नाडी धरली होती. त्यांचेही डोळे मागच्या काचेकडे होते.

“हळू ढकला रे,” रज्जाकभाई पुढून म्हणाले, “मले ब्रेक मारावा लागतो.”

मला बायपास झाली. तीन नळ्या बदलल्या. चार महिन्यांनी कामावर परत आलो तर साहेबांनी माझी वाट बघून ठेवल्यासारखं मशीन पुन्हा पुसून, हळदकुंकू लावून ठेवलं होतं. नारळ या वेळी बाहेर फोडला. जुनी फ्रेम उतरवलेली होती, भिंतीवर तेवढाच चौकोन स्वच्छ राहिला होता.

“नन्नावरे, झोपा,” साहेब म्हणाले. “आता तुम्ही रिपेअर होऊन आलात. नवीन नमुना घेऊ.”

मी म्हणालो, साहेब, माझं राहू द्या. नेमका त्याच दिवशी दसरू खाकी गणवेशात पेढे घेऊन आला होता. त्याला झोपवलं. त्याला गुदगुल्या झाल्या. कागद निघाला, आणि डोक्यावर मशीननं पुन्हा तेच छापलं, तीव्र हार्ट अटॅकचा संशय.

साहेबांनी कागद हातात घेतला. मॅडमकडे बघितलं. मॅडमच्या बॉण्डचे आठच दिवस राहिले होते. त्यांनी माझ्या ड्रॉवरमधून जुन्या मशीनच्या वेळची कात्री काढली, कागदाच्या डोक्यावरचं मत सरळ रेषेत कापून टाकलं आणि खाली उरलेली रेघ साहेबांच्या हातात दिली.

फ्रेम तीच वापरली. पाटीही तीच ठेवली.